‘शिकू दे की, आमची काय ना नाही’ : लग्नानंतर कॉलेज चालू ठेवायचं असेल तर

बघायला आलेली मंडळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता हे वाक्य म्हणतातच. शिकू दे की, आमची काय ना नाही. आपल्या घरचे खूश होतात, आई आतून पोह्यांची दुसरी प्लेट पाठवते आणि आपल्याला वाटतं चला, शिक्षणाचा विषय मिटला. मिटलेला नसतो. ‘ना नाही’ म्हणजे ‘हो’ नव्हे, हे मला लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात कळलं, जेव्हा ॲडमिशनची शेवटची तारीख होती आणि त्याच दिवशी घरात जागरण गोंधळ ठरलेला होता.

माझं लग्न मागच्या मे महिन्यात झालं, एस.वाय. बीएस्सीची परीक्षा संपली आणि अठरा दिवसांनी हळद लागली. आता टी.वाय.ला आहे, केमिस्ट्री. सातारा जिल्हा, सासर माहेर दोन्ही एकाच तालुक्यात, कॉलेज तालुक्याच्या गावी, त्यामुळे कॉलेज बदलावं लागलं नाही, हे माझं नशीब. माझ्यानंतर आमच्या वर्गातल्या अजून दोघींची लग्नं ठरली आणि दोघी मला तेच तेच विचारायला लागल्या, म्हणून म्हणलं एकदाच सगळं नीट लिहून काढते. बहुतेक गोष्टी मी चुकून शिकलीय, तुम्ही चुकू नका एवढंच.

पायरी १ : बोलणीच्या वेळी तारखा आणि पैसे बोला

आधी एक, मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण झाल्याशिवाय कायद्याने लग्न होत नाही, त्यामुळे अकरावी बारावीतली कुणी हे वाचत असेल तर तुझ्यासाठी हा लेख नाही, तू घरी नाही म्हण आणि १०९८ ला फोन कर, ती चाईल्डलाईन आहे.

बाकीच्यांनी, सुपारी फुटायच्या आधी ‘पुढं शिकवणार का’ असं विचारूच नका, कारण त्याला उत्तर एकच येतं, वर लिहिलंय ते. त्याऐवजी असे प्रश्न विचारायचे की ज्याला हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागेल. राहिलेल्या वर्षांची फी कोण भरणार, माहेर का सासर. सकाळची गाडी कितीची आणि तोपर्यंत घरातलं किती उरकून निघायचं. परीक्षेच्या पंधरा दिवसांत पाहुणे, जत्रा, लग्नं यातून सुटका आहे का. आणि प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी यायला पाच वाजतात, ते चालेल का. मुलीने हे थेट बोलायचं म्हणजे थोडं अवघड जातं, मान्य, मी पण नाही बोलले, माझ्या मामाला पुढं केलं. पण प्रश्न मी त्याला कागदावर लिहून दिले होते. मामाने चारपैकी दोनच विचारले (फी आणि परीक्षा) आणि आजपर्यंत घरात वाद झाला तो राहिलेल्या दोनवरच झालाय, म्हणजे बघा.

लग्नाची तारीख काढताना युनिव्हर्सिटीचं टाईमटेबल समोर ठेवा. सेमिस्टरच्या परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे या काळात येतात आणि आपल्याकडं तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे दोन्ही हंगाम एकमेकांच्या अंगावर. थिअरीच्या तारखा सगळे बघतात पण प्रॅक्टिकल परीक्षा वेगळ्या तारखेला असते हे घरात कुणालाच माहीत नसतं, ते तुम्हीच सांगायचं.

पायरी २ : नाव. इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या

लग्नात तांदळात अंगठीने जे नाव लिहितात ते घरापुरतं ठेवा. डिग्रीचा शेवटचा कागद हातात येईपर्यंत कुठल्याही सरकारी कागदावर नाव बदलू नका. बदललंच पाहिजे असा कायदा कुठंही नाही, ही फक्त पद्धत आहे, आणि पद्धत दोन वर्षं थांबू शकते.

आमचं काय झालं सांगते. लग्नानंतर आठ दिवसांत आमचे हे मोठ्या हौसेने मला आधार सेंटरवर घेऊन गेले, मला पण नवीन नाव बघायची हौस होतीच, खोटं कशाला बोला. माझं नाव तेच राहिलं पण मधलं नाव आणि आडनाव बदललं, म्हणजे आपल्याकडं तीनपैकी दोन शब्द बदलतात, कॉम्प्युटरच्या दृष्टीने ही वेगळीच बाई झाली. जुलैमध्ये स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसले तर आधारवर एक नाव, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं, कॉलेजच्या रेकॉर्डला दुसरं, बँकेत दुसरं. फॉर्म काही पुढं सरकेना. मग ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी, म्हणजे ज्याला कॉलेजात नुसतं एबीसी म्हणतात आणि ज्यात आपले सगळे क्रेडिट जमा होतात, तो पण आधारवरूनच चालतो, तिथंही तीच रड. ऑफिसातल्या मॅडम म्हणल्या एकतर सगळीकडं नवीन कर नाहीतर आधार जुनं कर. सगळीकडं नवीन करायचं म्हणजे आधी गॅझेट, मग कॉलेज, मग युनिव्हर्सिटी, आणि दहावी बारावीच्या मार्कशीट तर जुन्याच नावाच्या राहणार. म्हणून आधार परत जुनं केलं.

आता यातली खरी मेख अशी की आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माझ्या दोन्ही संधी तीन महिन्यांत संपल्या, एकदा तिकडं आणि एकदा इकडं. आता पुढं कधी सासरचं नाव लावायचं म्हणलं तर ते खास प्रकरण करून मंजूर करून घ्यावं लागणार. चूक आमचीच, सेंटरवाल्याला काय माहीत मी कॉलेजला आहे.

ज्यांना नंतर नाव बदलायचंच आहे त्यांनी क्रम असा ठेवा, आधी डिग्री, मग राज्य शासनाच्या राजपत्रात म्हणजे गॅझेटमध्ये नाव बदलल्याची नोंद (अर्ज ऑनलाईन होतो), मग आधार, मग पॅन, मग बँक. गॅझेटची प्रत जपून ठेवा, पुढं नोकरीच्या वेळी मार्कशीटवरची आणि तुम्ही एकच हे सांगणारा तोच कागद.

पत्त्याचं वेगळं आहे. पत्ता बदलायला नावासारखी दोनदाची अट नाही, तो बदलून घेतला तरी चालतो. मतदार यादीत गाव बदलायचं असेल तर फॉर्म ८.

आणि जात, याबद्दल लय गैरसमज आहेत. जात जन्माने, वडिलांकडून येते, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) माहेरच्या नावाचीच चालते, ती फेकून देऊ नका आणि सासरच्या नावाने नवीन काढायच्या नादी लागू नका. नॉन क्रिमीलेअरलाही नवऱ्याचं नाही, आईवडिलांचं उत्पन्न धरतात. स्कॉलरशिपला मात्र उत्पन्नाचा दाखला कुणाचा लावायचा हे फॉर्म भरायच्या आधी त्या टेबलावर विचारून घ्या, अंदाजाने काढला की तहसीलच्या दोन खेपा वाढतात.

जाता जाता, २०२४-२५ पासून राज्यात इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे व्यावसायिक कोर्सना, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ‘फीचं बघू’ असं सासरी कुणी म्हणत असेल तर हे सांगा, पुष्कळांना माहीत नसतं.

पायरी ३ : लग्नाची नोंदणी

हे पटकन. नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून टाका. तीन साक्षीदार, भटजींची सही, लग्नाचा फोटो, पत्रिका, दोघांचे वयाचे पुरावे. उशीर झाला तरी होते पण दंड बसतो आणि मुख्य म्हणजे साक्षीदार सापडत नाहीत, आमचा एक साक्षीदार ऊसतोडीच्या हिशोबाला कारखान्यावर गेला तो चार दिवस आलाच नाही. नाव बदला नाहीतर नका बदलू, हा दाखला पुढं कुठं ना कुठं लागतोच.

पायरी ४ : कॉलेजची वेळ घराला दिसली पाहिजे

माहेरी आपण कॉलेजला जातो हे सगळ्यांना माहीत असतं. सासरी आपण ‘बाहेर जातो’. हा फरक लक्षात घ्या. सासूबाई, म्हणजे आमच्याकडं आत्या म्हणतात, त्या वाईट नाहीत हो, पण त्यांनी स्वतः सातवीनंतर शाळा बघितली नाही, त्यांना लेक्चर, प्रॅक्टिकल, इंटर्नल हे शब्द म्हणजे रोज नवीन सबब वाटायची. सुरुवातीला मी त्यांना सावित्रीबाईंचं सांगून बघितलं, आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या, १८४० ला लग्न झालं आणि शिकल्या ते लग्नानंतरच. आत्या म्हणल्या, ‘बरोबर हाय, पन त्यांच्याकडं म्हशी किती व्हत्या?’ मी गप्प.

सावित्रीबाईंपेक्षा मग एसटीच्या वेळापत्रकाने काम केलं. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं कालनिर्णय लटकवलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावलेली तारीख, म्हैस भरवलेली तारीख असं सगळं लिहिलेलं असतं. मी त्याच्यावरच लाल पेनने लिहायला लागले. मंगळवार बुधवार ‘प्रॅ. ५ वा.’ म्हणजे घरी यायला पाच. इंटर्नलच्या तारखा. जर्नल सबमिशन. परीक्षा सुरू, परीक्षा संपली. कुणाला काही न सांगता नुसतं लिहायचं. महिन्याभरात फरक पडला, कारण कालनिर्णयवर आहे म्हणजे ते खरं आहे. पंधरा दिवसांनी आत्याच फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, बुधवारी नको या, बुधवारी तिचं पाच वाजत्यात.

एसटीबद्दल, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे म्हणून बऱ्याच मुली पास काढतच नाहीत. काढा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत असते म्हणजे साधारण एक तृतीयांश भाड्यात काम होतं, अर्ध्या तिकिटापेक्षा स्वस्तच. आणि दुसरा फायदा म्हणजे रोज सकाळी निघताना कुणाकडं सुट्टे मागावे लागत नाहीत. हा फायदा लहान वाटतो पण नवीन सुनेला विचारा.

हजेरी ७५ टक्के लागते. लग्न, सत्यनारायण, देवदर्शन, पाचपरतावन यात माझे अकरा दिवस गेले होते, लग्न सुट्टीत होतं तरी. ज्यांचं लग्न सेमिस्टरच्या मध्यात आहे त्यांनी लग्नाआधीच वर्गशिक्षकांना पत्रिका आणि अर्ज एकत्रच द्यायचा. पत्रिका दिली की सर नाही म्हणत नाहीत, पेढ्याचं तेवढं बघा.

पायरी ५ : सकाळ

माझी गाडी सात चाळीसची. सहा माणसांच्या भाकऱ्या, दोन डबे, एक कालवण. सव्वापाचला उठावं लागतं, याला काही शॉर्टकट नाही, कुणी सांगत असेल तर त्यांच्याकडं चपात्या असणार आणि माणसं तीन.

तरी काही गोष्टी कामाला येतात. शेंगदाण्याचं कूट, लसणीची चटणी, वाटण हे रविवारी आठवड्याचं करून ठेवायचं. भाजी रात्री निवडून चिरून. डब्यात रोज नवीन काहीतरी करायच्या फंदात पहिल्या महिन्यात पडू नका, कारण पहिल्या महिन्यात जे कराल ते कायमचं तुमच्या गळ्यात पडतं, मी हौसेने बुधवारी थालीपीठ केली होती, आता बुधवार म्हणजे थालीपीठ, आणि बुधवारीच प्रॅक्टिकल.

भाकरी थापताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. मी रात्री झोपताना मोबाईलवर स्वतःच्या आवाजात नोट्स रेकॉर्ड करते, रिॲक्शनची नावं, व्याख्या, कशात काय मिसळलं की कुठला रंग, आणि सकाळी एका कानात इअरफोन. एकाच कानात, दुसरा आत्यांसाठी मोकळा. दोन्ही कानात घातले की ‘हिला हाक ऐकू येत नाही’ असं होतं. एका भाकरीला साधारण दीड मिनिट धरलं तर दहा बारा भाकऱ्यांत एक टॉपिक होतो. नेम रिॲक्शन्स मी अख्ख्या अशाच पाठ केल्या आणि आता परीक्षेत आल्डॉल कंडेन्सेशन लिहिताना नाकात ज्वारीच्या पिठाचा वास येतो, हे गमतीने नाही सांगत.

नवऱ्याचं काम त्याच्याकडून पहिल्या महिन्यातच सुरू करून घ्या. मोठं काही नको. आमचे हे एमआयडीसीत आहेत, फर्स्ट शिफ्टला पावणेसातला निघतात, त्यांनी स्वतःचा चहा आणि अंघोळीचं पाणी स्वतः करायचं एवढंच ठरलं. घरात दोन दिवस कुजबुज झाली, तिसऱ्या दिवशी त्यांनी आत्यांचा पण चहा केला, विषय संपला. पण हे त्यांनी स्वतः करायला पाहिजे, तुम्ही सगळ्यांसमोर ‘अहो, जरा चहा ठेवा’ म्हणलात की ते काम कायमचं बंद.

पायरी ६ : वर्गात आणि लॅबमध्ये

पहिले पंधरा दिवस सगळे ‘काकू’ म्हणणार. उखाणा घ्यायला लावणार. एक उखाणा तयार ठेवा, एकदाच घ्या आणि दुसऱ्यांदा कुणी म्हणलं तर त्यालाच घ्यायला लावा. तीन आठवड्यांत लोक विसरतात, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं तरी ठरलेलं असतं.

लॅबचं मात्र सिरीयस आहे. हातभर हिरवा चुडा, गळ्यात लांब मंगळसूत्र आणि समोर बर्नर आणि ॲसिड, हे जमत नाही. माझा पहिला प्रॅक्टिकल टायट्रेशनचा होता. ब्युरेटमध्ये, म्हणजे उभ्या काचेच्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साईड (अल्कली), खाली फ्लास्क, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, गुलाबी आलं की थांबायचं. मी वाकून रीडिंग घेतीय आणि फ्लास्क फिरवताना प्रत्येक वेळी बांगड्या काचेवर किणकिण करतायत, अख्खी लॅब हसतीय. ब्युरेट भरताना थोडं हातावर आणि गळ्यात सांडलं. मंगळसूत्र तेव्हा अजून हळदीच्या दोऱ्यातच होतं, सोन्यात ओवायचं बाकी होतं. तो पिवळा दोरा बघता बघता लालभडक झाला. मी घाबरले, शेजारची ओरडली रक्त रक्त. सर आले, बघितलं आणि म्हणले आधी नळाखाली धर, आणि मग सगळ्यांना म्हणले, हा बघा घरचा इंडिकेटर. हळद अल्कलीत लाल होते, साबणाने धुताना हळदीचा डाग लाल होतो तेच हे. तेव्हा सगळे हसले, पण गळ्याला दोन दिवस आग होत होती, त्यामुळे लॅबमध्ये मंगळसूत्र ॲप्रनच्या आत, ॲप्रनचं वरचं बटण लावून, बांगड्या वर सारून त्यावर रबर बँड, किंवा सरळ काढून डब्याच्या पिशवीत. घरी आधी सांगून टाका की लॅबमध्ये काढावं लागतं, नाहीतर कुणीतरी बसस्टँडवर मोकळा हात बघतं आणि तुमच्या आधी बातमी घरी पोचते.

मला वाटायचं मंगळसूत्र काढलं तर आत्यांना वाईट वाटेल. पण बाकी कुणाचं नाही तरी कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या, पत्नी लक्ष्मीबाईंचं आमच्या साताऱ्यात सगळ्यांना माहीत आहे, बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं होतं. मामंजी, म्हणजे सासरे, रयतच्या, म्हणजे अण्णांच्याच संस्थेच्या, शाळेत शिकलेत. ते म्हणले दोन तास पिशवीत ठेवलं तर काय होतंय. विषय तिथंच संपला.

पायरी ७ : सण

पहिलं वर्ष सणांचं असतं आणि त्याला पर्याय नाही. आखाडात नव्या नवरीला माहेरी पाठवतात, मग नागपंचमी, मंगळागौर ज्यांच्याकडं असते त्यांच्याकडं ती, गौरी, मग दिवाळसण, संक्रांतीचं हळदीकुंकू. सगळं पहिलं वहिलं, कशालाच नाही म्हणता येत नाही. दिवाळसण तर बरोबर परीक्षेच्या तोंडावर.

आखाड मात्र आपल्या फायद्याचा आहे, हे कुणी सांगत नाही. तो महिना माहेरी, आईच्या हातचं खायचं, आणि नेमकी सेमिस्टरची सुरुवात. मी त्या महिन्यात पाचव्या सेमिस्टरचे पहिले दोन युनिट आणि जर्नलच्या आठ प्रॅक्टिकलचं लेखन उरकून टाकलं. मैत्रिणी म्हणल्या आखाडात मजा करायची असते. मी मजा दिवाळीत केली, जेव्हा त्या रडत जर्नल लिहीत होत्या.

दिवाळसणाला चार दिवसांऐवजी दोन दिवस गेलो आम्ही. त्यासाठी आधी माझ्या आईला समजवावं लागलं, सासरच्यांना नाही, आईलाच जास्त वाईट वाटलं. कधी कधी अडथळा ज्या बाजूला आपण बघत नसतो तिकडून येतो.

पायरी ८ : पाळणा कधी, हे दोघांनी ठरवा

यावर कुणी लिहीत नाही आणि सगळ्यात जास्त शिक्षण इथंच सुटतं. लग्नाला तीन महिने झाले की बायका पोटाकडं बघून बोलायला लागतात. डिग्री होईपर्यंत नको असेल तर ‘बघू’ म्हणून चालत नाही, डॉक्टरांना भेटा, दोघंही जा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट मिळतं : निरोध, रोज घ्यायच्या माला-एन गोळ्या, छाया गोळ्या (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा), दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि तांबी. कुणाला काय चालेल ते डॉक्टर तपासून सांगतात, मैत्रिणीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नसतं. गावातल्या आशाताई पण देतात, पण गावात देतात म्हणजे गावाला कळतं, तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल तर उत्तमच, वाटत असेल तर कॉलेजच्या गावातला सरकारी दवाखाना आहेच, दोन लेक्चरच्या मध्ये होतं काम.

आणि दिवस राहिलेच, आणि ठेवायचे असतील, तरी कॉलेज सोडून द्यायची गरज नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या युनिव्हर्सिट्यांना कळवलंय की पदवी आणि पदव्युत्तरच्या विद्यार्थिनींसाठी सुद्धा प्रसूती रजा, हजेरीत सूट, फॉर्मच्या तारखेत सवलत यांचे नियम करा. तुमच्या युनिव्हर्सिटीत नेमका काय नियम आहे ते प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन विचारा, तोंडी विचारू नका, तोंडी उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. पीएचडीवाल्यांना तर २४० दिवसांपर्यंत रजा मिळते.

पायरी ९ : पैसे

स्वतःचं बँक खातं, माहेरच्या नावाचं, आधारला लिंक असलेलं, ते चालू ठेवा. स्कॉलरशिप त्याच्यातच येते. बंद करून जॉईंट काढायचं कुणी सुचवलं तर म्हणा डिग्री झाल्यावर. कॉलेजचा खर्च महिन्याच्या महिन्याला मागायचा नाही, सेमिस्टरच्या सुरुवातीला एक कागद करायचा, परीक्षा फी एवढी, पास एवढा, जर्नल झेरॉक्स एवढं, आणि एकदाच द्यायचा. झेरॉक्सचे वीस रुपये मागताना जे वाटतं ते वीस हजार मागताना वाटत नाही, का ते मला पण माहीत नाही.

पायरी १० : अडकलं तर

वर्ष गेलं म्हणजे शिक्षण गेलं असं नाही. नवीन शैक्षणिक धोरणातल्या कोर्सला असाल तर एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा आणि तीनवर डिग्री घेऊन बाहेर पडायची आणि नंतर परत यायची सोय आहे, क्रेडिट एबीसीत जमा राहतात. रोज जाणं शक्यच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून हेच काम करतंय, अभ्यासकेंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पण माझं मत विचाराल तर रोजचं कॉलेज होता होईल तो सोडू नका. मुक्त विद्यापीठ कमी आहे म्हणून नव्हे, तर घरी बसून शिकणाऱ्या सुनेला घरी बसलेली सून समजतात आणि पुस्तक उघडलं की दळण निघतं. नाईलाज असेल तरच.

लग्न झालेल्या पोरांसाठी दोनच ओळी. तुमचं कॉलेज लग्नाने फारसं हलत नाही, हलतं ते बायकोचं. दोघंही शिकत असाल तर उद्या कुणाचं सबमिशन आहे ते आज रात्री विचारा आणि त्याप्रमाणे सकाळी उठा.

शेवटचं, एटीकेटी. मला पाचव्या सेमिस्टरला फिजिकल केमिस्ट्रीत लागली. अकरा मार्क. आठ दिवस मी घरात सांगितलंच नाही, रिझल्ट लागायचाय म्हणत राहिले, आणि नेमकं शेजारच्या आळीतल्या एकीची मुलगी आमच्या कॉलेजला, तिने आईला सांगितलं, तिच्या आईने डेअरीवर दूध घालताना आत्यांना. म्हणजे मी नापास झाले हे घरात शेवटी मलाच ‘कळलं’. रिझल्ट लागेल त्याच दिवशी सांगा, हवं तर आधी नवऱ्याला, पण त्याच दिवशी. मी त्या संध्याकाळी घरात शिरले तेव्हा आत्या चुलीपुढं बसल्या होत्या, वर बघितलंच नाही. चहा दिला. मी कप धुवायला उठले तर म्हणल्या, परत द्याचा फॉर्म असतोय म्हणं, शेवटची तारीख कोनती? मी सांगितली. त्यांनी उठून कालनिर्णयवर लिहिली, दुधाच्या रकान्यात, लाल पेन सापडलं नाही म्हणून चुलीतल्या कोळशाने.